एका पट्ट्यावरचे दोन मालक

दाजीने मेव्हण्याचं बोट तोडलं. पण त्या दिवशी कारखान्यात अपघात झालाच नाही असं ठरलंय, तेव्हा आपणही बोट जागेवर आहे असं धरून पुढे जाऊ.

कोंबड्या कापायच्या सरकत्या पट्ट्यावर दोघे समोरासमोर उभे होते. मंदी आली म्हणून मुकादमाने बाहेरच्या देशातून आलेल्या सगळ्या कामगारांना, या दोघांसकट, सोमवारी काढून टाकलं आणि त्याच दमात त्यांचं अभिनंदन केलं. आजपासून तुम्ही सगळे मालक. सुरी तुमची, हातमोजे तुमचे, कापाल तेवढ्या कोंबड्यांचे पैसे. मंदी कोंबड्यांनाही कळली होती. निम्म्याच येत होत्या.

"दाजी, ती कोंबडी माझी होती."

"धंद्यात कसला दाजी?"

"ताईला सांगीन."

"सांग. म्हणावं, तुझा भाऊ माझ्या पोटावर पाय देतो."

पुढच्या कोंबडीची एक तंगडी दाजीने धरली, दुसरी मेव्हण्याने. मेव्हण्याने आपलं डोकं दाजीच्या नाकावर हाणलं. दाजीने त्याचं कपाळ पत्र्यावर आपटलं. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा आपटलं. शेजारचे मालक सोडवायला आले नाहीत. तेवढ्यात यांच्या वाटणीच्या कोंबड्या त्यांनी उरकल्या. मेव्हण्याने दाजीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, आणि सुरी खाली आली.

बोट तंगडीबरोबर खोक्यात पडलं. खोकं पट्ट्यावरून निघालं.

दाजी त्या क्षणी परत दाजी झाला. एप्रन फाडून त्याने मेव्हण्याचा हात आवळला. "साहेब, पट्टा थांबवा. बर्फात ठेवलं तर जोडता येतं."

"बर्फाच्याच गाडीत चाललंय," मुकादम म्हणाला.

"अपघात झालाय, साहेब."

"अपघात कामगाराला होतो. इथे कामगार कोण आहे?"

मेव्हण्याने रक्ताचा हात वर केला. मुकादमाने तो गणतीत धरला नाही.

"दोन मालकांच्या भांडणात कंपनी पडत नाही. लेखी द्या."

बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं. दाजीने दुसऱ्या एका खोक्याच्या झाकणावर लिहिलं, आणि शिपाई नव्हता म्हणून ते पट्ट्यावरच ठेवलं:

'मा. व्यवस्थापक यांस, सविनय विनंती की, आमच्या मेव्हण्यांचे एक बोट नजरचुकीने माल म्हणून रवाना झाले आहे. तरी पट्टा थांबवून ते परत मिळावे. सदर कापणीचे पैसे आम्ही लावणार नाही.'