मंगळवारचा बर्फ

खारवली बंदरातल्या सात बर्फ कारखान्यांचे भाव मंगळवारी सात वेगवेगळे असत आणि इतर दिवशी एकच, तोही दुप्पट. भाव कारखान्यांची स्वतः शिकणारी यंत्रे ठरवत. मालकांना त्यात हात घालायला बंदी होती.

"बाय, तू येतंस तवाच बरफ सस्ता," फुरसूबाई कोळीण दर मंगळवारी भाव मोजायला येणाऱ्या सरकारी मापन अधिकारी उर्मिला केळुसकरांना म्हणाली. "हितंच र्‍हा की! बाकीच्या दिवशी मासली कुजते माजी."

उर्मिला खरोखरच राहिल्या. शनिवारी वरिष्ठांचा फोन आला.

"स्पर्धेचा निर्देशांक उत्तम आहे. प्रमाणपत्रावर सही करा."

"सही केली, तर पाच वर्षं भावाविरुद्ध कुणाला तक्रार करता येणार नाही. मी करणार नाही, साहेब. मी काल, शुक्रवारी मोजलं."

"नियमात मंगळवार आहे. शुक्रवारची मोजणी ग्राह्य नाही."

"म्हणूनच ती खरी आहे."

त्यांनी प्रमाणपत्र नाकारले आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: 'यंत्रांनी आपसात संगनमत केल्याचा पुरावा नाही. मोजणी मंगळवारी होते, हे प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे शिकले आहे. म्हणून ती फक्त मंगळवारी स्पर्धा करतात.'