मधली रिकामी जागा

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये भर दुपारी विजयमालानं आपल्या आज्याचं काळीज कॉम्प्युटरवर चालू केलं. दवाखान्यातल्या फोटोंवरून तिनं ते हुबेहूब उभं केलं होतं. ठोक्याच्या लाल लाटा वरून खाली सरळ जात होत्या. मग एक लाट मध्येच मोडली, तिचं टोक वळलं आणि ती भोवऱ्यासारखी गरगरू लागली.

"आबा, खऱ्या काळजात अशी फिरली तर माणूस जातो. बंद करते मी."

"ऱ्हाऊ दे की. मी काय भितो व्हय तिला?" खुर्चीमागं उभा असलेला तिचा आजा बिरदेव म्हणाला.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली. लाट मात्र त्या काळोखात फिरतच राहिली.

विजयमालानं वायर उपटली. तरी ती फिरतच होती. बिरदेवच्या छातीत काहीतरी वळलं. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली, पण तो खाली बसला नाही.

"बिथरलेली मेंढरं अशीच गोल फिरत्यात. मधी जाऊन हुबं ऱ्हायलं की थांबत्यात. हिच्या मधी कोण हाय?"

"कुणी नाही, आबा. मधे रिकामंच असतं."

"मग मी जातो."

त्यानं पुढं होऊन भोवऱ्याच्या मधोमध तळहात टेकवला. लाट जागच्या जागी थांबली.

विजयमालानं त्याचं मनगट धरलं. नाडी लागेना. तिनं छातीला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

"आबा, हात काढा."

"न्हाय काढत," बिरदेव शांतपणे म्हणाला. "आता फिरून दाव म्हणावं तिला."