वीस फुटांच्या आत
मिनेसोटातली जमीन गोठायच्या आत माझ्या नवऱ्याला, आयनारला पुरलं, त्याला आज नऊ दिवस झाले. दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर काढायचं कुणालाच सुचलं नाही. त्याचा फोन मात्र मी सवयीने चार्ज करत राहिले.

आज दुपारी फोनवर साखरेचा आकडा आला. एकशे बारा.

"मेल्यावरही साखर मोजून घेतोय माझा भाऊ!" नणंद सोल्वेग म्हणाली. "अगं वहिनी, बिघडलाय तो फोन. सेन्सर वीस फुटांच्या आत असला तरच आकडा दिसतो ना? आणि दफनभूमी दीड मैलावर!"

मी फोन घेऊन अंगणातल्या बर्फात गेले. आकडा गेला. स्वयंपाकघरात परतले, तर आकडा हजर. आता सत्तर होता.

सोल्वेगचं हसू मावळलं.

बासष्ट. चोपन्न. इन्सुलिन जास्त होऊन साखर अशी उतरली की आयनारचे हात थरथरायचे, ग्लाससुद्धा धरवायचा नाही.

मला काहीच वाटत नव्हतं. मी नेहमीसारखा संत्र्याचा रस ओतला आणि त्याच्या खुर्चीपुढे ठेवला.

"वहिनी, कुणासाठी गं?"

एकेचाळीस.

रस एक थेंबही कमी झाला नाही. ग्लास मात्र टेबलावर थरथरू लागला.