दाराचं माप

सुताराच्या हातात आता तीनच महिने आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्याने शेडमध्ये हाउसबोट बांधायला घेतली. खाली रिकामी पिंपं, वर दोघांपुरती खोली. “पाण्यावर मुक्कामाला जाऊ,” म्हणायचा. बायको शेजारी बसून खोलीच्या खिडक्यांना पडदे शिवायची. बोट शेडच्या दारापेक्षा हातभर रुंद झालीय, हे तिच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. जन्मभर मापं घेतलेल्या माणसाचं माप दुखण्याने चुकवलं, असं समजून तिने ब्र काढला नव्हता.

आज ती चहा घेऊन येत होती, तेव्हा शेडमधून शेजाऱ्याचं हसणं ऐकू आलं. “अहो मिस्त्री, हे धूड दारातून काढणार कसं?”

“हळू बोल,” सुतार म्हणाला. “तिचे पडदे शिवून व्हायचेत अजून.”