मधली जागा

एल्डनने चार वर्षांपूर्वी कोरा घेतलेला पिकअप ट्रक देऊन त्याच्याहून जुना ट्रक मागितला, तेव्हा विक्रेता ट्रॉय हसला. “काका, लोक उलटं करतात. तुमच्या नव्यात तर सीटसुद्धा गरम होतात.”

“नव्यात दोन सीटांच्या मधे तो खोका आहे, कॉफीचे पेले ठेवायचा,” एल्डन म्हणाला. “त्याआधीच्या ट्रकला सलग सीट होती, बत्तीस वर्षं माझी बायको मार्लिस माझ्या खांद्याला खांदा लावून बसायची. कोरा आणला त्या दिवशी ती मुकाट्याने खिडकीशी जाऊन बसली. मीही काही विचारलं नाही.”

मागच्या रांगेत एक गंजलेला ट्रक उभा होता. त्याची पुढची सीट बाकासारखी सलग होती. एल्डनने तोच घेतला.

रविवारी चर्चला निघण्यापूर्वी त्याने सीटची मधली जागा रुमालाने पुसून ठेवली. मार्लिस आली, खिडकीशी बसली आणि पर्स मधे ठेवली.

“अगं, सरक ना इकडे.”

तिने त्या जागेकडे क्षणभर पाहिले आणि दाराकडचा सीटबेल्ट ओढून लावला.

“असू दे,” ती म्हणाली. “आता मला इथेच बरं वाटतं.”