वायरिंगवाल्या सहा जणी

"कारखाना व्हिएतनामला चाललाय. शुक्रवार तुमचा शेवटचा दिवस," असं सुपरवायझर खैरनार साहेबांनी सांगितलं, तेव्हा गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या आम्हा बावीस जणींच्या हातात अजून वायरी होत्या. चौदा वर्षांचं काम दोन वाक्यांत संपलं होतं.

महिनाभर रडून झाल्यावर आमच्यातली इंदूबाई गांगुर्डे म्हणाली, "आपल्याला हे काम येतं ना? मग घरी कशाला बसायचं?" आम्ही सहा जणींनी सिन्नर रस्त्यावर गाळा घेतला आणि ट्रॅक्टरचं वायरिंग दुरुस्त करू लागलो. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "मिस्त्री कुठाय?" तासाभरात त्याच्या ट्रॅक्टरचे दिवे लागले. दुसऱ्या दिवशी तो गावातले आणखी चार ट्रॅक्टर घेऊन आला.

दिवाळीआधी खैरनार साहेब दारात उभे. त्यांचीही नोकरी गेली होती.

"काही काम आहे का, ताई?" त्यांनी खाली बघत इंदूबाईला विचारलं. "वायर जोडता येत नाही मला. मी फक्त तुमच्या चुका काढायचो."

इंदूबाई खळखळून हसली. "मग उद्यापासून या, साहेब. आम्हाला चुका काढायलाच माणूस हवाय. फक्त इथं ओरडायचं नाही हं!"