सत्काराचा नारळ

सव्वीस जानेवारीचा सत्कार आटोपून सुभेदार धोंडप्पा भर दुपारी उमरग्याहून घरी आले. खांद्यावरची शाल खुंटीला टांगली, शौर्यपदक छातीवर तसंच राहू दिलं आणि सत्काराचा नारळ कानाशी धरून हलवला.

पाणी वाजलं नाही. आतून तीन ठोके आले. जरा थांबून पुन्हा तीन.

हा इशारा त्यांच्या ओळखीचा होता. बर्फाळ सीमेवरच्या लढाईत त्यांचा जोडीदार बजरंग एकटा शत्रूला भिडला आणि जखमी होऊन परतला, तेव्हा त्यानं बंकरचं दार असंच ठोकलं होतं. धोंडप्पांनी भीतीनं आतली कडी काढली नाही. उजाडलं तेव्हा बाहेर शत्रूचे सात जण पडले होते आणि दाराला टेकून बजरंग. नाव धोंडप्पांचं झालं. पदक लावायला छाती एकच उरली होती.

त्यांनी नारळ ओसरीतल्या फळीवर ठेवला, आतल्या खोलीत शिरून कडी घातली.

वर पत्रे तापले होते, तरी खोलीत बर्फाचा गारठा भरू लागला. कडी आता निघेना. हाक मारावी तर आवाज फुटेना. त्यांनी दार ठोकलं. तीनदा. जरा थांबून पुन्हा तीनदा.

फटीतून बायको दिसली. रुद्रम्मानं फळीवरचा नारळ कानाशी धरला होता.

धोंडप्पांनी जीव खाऊन तीनदा ठोकलं. दार जागचं हललं नाही; तिच्या हातातला नारळ तीनदा हादरला.

"अहो, ह्याला पाणी लई हाय बघा," ती नारळ परत फळीवर ठेवत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, शिवरात्रीला फोडू."